भंडारदऱ्याच्या काठी चौदा जणांचा स्वयंपाक

हिवाळ्यात भंडारदऱ्याला मुक्कामी जायचे ठरले तेव्हा जेवणाची जबाबदारी मी आपणहून मागून घेतली आणि गॅसची शेगडी न्यायची नाही, सगळा स्वयंपाक लाकडावर करायचा, अशी अटही घातली. माणसे चौदा, त्यांत तीन लहान मुले. रात्रीच्या जेवणाला मुगाची खिचडी, वांग्याचे भरीत, नागलीची भाकरी आणि सकाळी चहा-पोहे, एवढाच बेत होता. पण एवढ्या साध्या बेतालाही दुपारी तीनपासून हात लावावा लागतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ विस्तवाच्या तयारीत जातो.

पहिला प्रश्न जागेचा. धरणाच्या आसपासचे बरेचसे रान १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. तिथे वाटेल तिथे विस्तव पेटवता येत नाही, आणि जानेवारीत वाळून कोळ झालेल्या गवताकडे पाहिल्यावर त्याचे कारण कोणाला समजावून सांगावे लागू नये. आम्ही गावातल्या एका शेतकऱ्याच्या खाजगी खाचरात, भात काढून मोकळ्या झालेल्या जमिनीवर, त्याच्या परवानगीने उतरलो होतो. जिथे चूल मांडायची तिथले धसकट आणि पेंढ्याचे तुकडे चारी बाजूंनी दोन-दोन पावले खरवडून काढले, आणि पाण्याने भरलेल्या दोन बादल्या बाजूला ठेवल्या त्या शेवटपर्यंत हलवल्या नाहीत.

सरपणही शेतमालकाकडूनच विकत घेतले. लाकूड वाळलेले आहे की नाही ते पाहण्याची त्याची रीत मला फार आवडली: दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, खणखणीत आवाज आला तर घ्यायचे, बद्द आवाज आला तर पुन्हा ढिगावर टाकायचे. बाभळीची जाड लाकडे निखाऱ्यासाठी, कारवीच्या वाळक्या काड्या जाळ धरण्यासाठी आणि पाच-सहा गोवऱ्या मंद आचेसाठी, अशी त्याने वाटणी करून दिली. बिब्बा, शेर आणि कण्हेर यांची काटकीसुद्धा चुलीत जाऊ द्यायची नाही, हे मुलांना मुद्दाम बजावून सांगितले, कारण बिब्ब्याच्या धुराने अंगावर उठते, शेराचा चीक डोळ्यांना घातक असतो आणि कण्हेर तर सर्वांगाने विषारी.

तीन दगडांवर एकच भांडे बसते, आणि मला दोन हवी होती. म्हणून हातभर लांब आणि वीतभर खोल चर खणून त्याच्या दोन्ही कडांना दगड लावले, म्हणजे लग्नाकार्यात आचारी करतात त्याच जातीचे छोटे चुलाण तयार झाले. दगड पाण्याच्या काठचे न घेता बांधावरचे कोरडे घेतले. पाणी मुरलेला दगड तापल्यावर फुटतो आणि त्याच्या कपच्या उडतात. चराचे तोंड वाऱ्याला समोरासमोर न ठेवता थोडे तिरके ठेवले. समोरून येणारा वारा जाळ पार मागच्या टोकाला ढकलतो आणि पुढचे भांडे थंडच राहते, तर पूर्ण आडवा वारा जाळ भांड्याखालून बाहेर काढतो.

चुलाणापासून पाच-सहा पावलांवर शेकोटी वेगळी पेटवली. माझ्या मते सहलीच्या स्वयंपाकाचे गणित इथेच सुटते किंवा बिघडते. थंडीने कुडकुडणारी माणसे चुलीभोवतीच बसली की जो तो एकेक लाकूड आत सारतो, जाळ भडकतो आणि भांड्यातले करपते. शेकोटी वेगळी असली की माणसे तिकडे रमतात आणि शिवाय तिथले निखारे खोऱ्याने उचलून हवे तेव्हा चुलीत आणता येतात.

रॉकेल अजिबात वापरले नाही, कारण पहिल्या भांड्यातल्या चहाला त्याचा वास लागतोच. पेंढ्याची चूड, तिच्यावर कारवीच्या काड्या आणि मग ढलप्या, या क्रमाने जाळ धरला. चढत्या जाळावर चहा केला आणि लगेच मोठ्या टोपात खिचडीसाठी पाणी ठेवले. त्याआधी टोपाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप दिला होता.

खिचडीसाठी सव्वा किलो इंद्रायणी तांदूळ आणि सहाशे ग्रॅम मुगाची डाळ घेतली होती. भंडारदरा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. फरक थोडा वाटतो, पण कुकरशिवाय उघड्या टोपात डाळ शिजवताना तो जाणवतो. त्यामुळे डाळ दुपारपासूनच भिजत घातली होती. फोडणीच्या वेळी चुलीतली लाकडे मागे ओढून फक्त निखाऱ्यांवर तेल तापवले, कारण टोपाच्या कडेवरून आत वाकणाऱ्या जाळाने तेल पेट घेऊ शकते. मोहरी तडतडल्यावर जिरे, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि मिरची, मग निथळलेले डाळ-तांदूळ परतून त्यावर मापाने तिप्पट आधणाचे पाणी ओतले.

इथून पुढे मी लाकूड घातले नाही, उलट काढतच गेलो. पाणी आटून दाण्यांवर बारीक भोके दिसू लागली तेव्हा टोपाखालचे निखारे पसरून पातळ केले, वर परात झाकली आणि परातीवर शेकोटीतले निखारे ठेवले. खालून थोडी आणि वरून थोडी अशी आच मिळाली की उघड्यावरच्या गार वाऱ्यातही भात वरपर्यंत सारखा शिजतो. वीस मिनिटांनी झाकण काढले तेव्हा खिचडी मऊ झाली होती आणि तळाशी जेमतेम सोनेरी खरपूडी धरली होती, जिच्यासाठी मुलांची भांडणे झाली.

वांग्यांची पाळी निखारे पिकल्यावर आली. ती जाळावर भाजली तर साल काळी होते आणि देठाजवळचा भाग कच्चा राहतो, म्हणून प्रत्येक वांग्याला दोन-तीन टोच्या मारून, त्यात लसणाची पाकळी खोचून आणि वरून तेलाचा हात फिरवून ती राख धरलेल्या निखाऱ्यांत आडवी पुरली आणि अधूनमधून चिमट्याने फिरवली. देठापाशी दाबल्यावर बोट आत गेले की वांगे झाले, ही खूण पक्की. बटाटेही त्यातच पुरले होते. ते मात्र बराच वेळ खातात.

भाकरीला शेतमालकाच्या आई बसल्या. मी चांगला जाळ करून दिला होता, पण त्यांनी दोन लाकडे उपसून बाजूला ठेवली. “दादा, भाकरीला जाळ नको, आर पायजे. जाळ तव्याच्या एकाच जागी बसतो,” त्या म्हणाल्या. नागलीचे पीठ त्यांनी गरम पाण्यात मळले, तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडवले आणि थेंब नाचत उडून गेले तेव्हाच पहिली भाकरी टाकली. वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवून ते सुकू लागताच उलटली, आणि दुसरी बाजू झाल्यावर तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी टेकवली. ती टम्म फुगली तेव्हा कडेने वाफेची एक बारीक शिट्टी ऐकू आली. मी त्यांच्याशेजारी बसून फक्त निखारे पुढे-मागे करत होतो, आणि तेवढ्या कामातही मावशींनी मला दोनदा थांबवले.

सकाळच्या पोह्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. राखेखाली दडपून ठेवलेल्या गोवरीत विस्तव शिल्लक होता, त्यावर काड्या टाकून फुंकणीने फुंकताच जाळ धरला आणि काडेपेटी लागली नाही. पोहे काढल्यावर विझवण्याचे काम मात्र सावकाश केले. राखेवर पाणी ओतून काठीने ढवळले, पुन्हा ओतले, पुन्हा ढवळले आणि तळहाताची पाठ राखेजवळ धरून कुठेही ऊब लागत नाही याची खात्री झाल्यावरच चर मातीने बुजवला. नुसते वरून ओतलेले पाणी खालच्या जाड निखाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दगड बांधावर परत गेले. प्लास्टिकच्या पिशव्या चुलीत टाकण्याची सूचना एकाने केली होती, ती न मानता त्या आम्ही गाडीतून परत नेल्या. मातीचा लेप दिलेला टोप ओल्या राखेने दोन हात मारताच साफ झाला, तर लेप न दिलेली चहाची किटली घरी आणून दोन दिवस घासावी लागली.