मण्यार चावलेला रुग्ण आणि घाटरस्ता

महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत प्रत्येक गाडीवर डॉक्टर असतो, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी प्रगत उपचारांच्या गाड्या २३३ होत्या. उरलेल्या ७०४ गाड्यांवर मुख्यतः ऑक्सिजन, सक्शन आणि डॉक्टरचे हात यांवर भागवायचे असते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात मी अशाच एका गाडीवर आहे.

त्या पहाटेचा कॉल ‘पोटदुखी आणि उलट्या’ असा नोंदवलेला होता. पाड्यावर पोहोचलो तेव्हा पंचविशीतला एक तरुण ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे पाहण्यासाठी त्याला मान मागे टाकावी लागली, कारण पापण्या उचलत नव्हत्या, आणि तेवढ्यावरूनच पोटदुखीचा विचार मी सोडून दिला. पावसाचे दिवस होते आणि रात्री तो जमिनीवर झोपला होता. अंगावर ना सूज, ना दंशाची खूण. पण मण्यारीचे दात इतके बारीक असतात की झोपलेल्या माणसाला अनेकदा जागही येत नाही. एका श्वासात आकडे म्हणायला लावले, तेव्हा तो अठरापर्यंत गेला. गाडीत घेतल्यावर अकरावरच थांबला. लोक आधी भगताकडे जातात ही तक्रार मी नेहमी ऐकतो, परंतु अशा रुग्णाला पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवणारे शिकलेले लोक मला अधिक खटकतात.

आता प्रश्न होता रस्त्याचा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस होती, व्हेंटिलेटर नव्हता. व्हेंटिलेटर होता तो घाटापलीकडे शहरात. लस रक्तात फिरणारे विष बांधते, पण मण्यारीच्या विषाने एकदा मज्जातंतूंची टोके निकामी केली की ती लसीने लगेच सुधारत नाहीत. तोवर माणसाला श्वास पुरवत राहणे हाच उपचार. मी थांबण्याचा निर्णय घेतला. लसीची कुपी म्हणजे कोरडी भुकटी असते, तीत पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवावी लागते, कारण जोरात हलवल्यास फेस येतो. तिथल्या सिस्टर आणि मी दहा कुप्या तळहातांत फिरवत उभे होतो, लसीची रिॲक्शन आलीच तर द्यायचे ॲड्रेनलिन भरून बाजूला ठेवले होते, आणि रुग्णाचे आकडे सहावर आले होते. त्या सिस्टरांनी एकही प्रश्न न विचारता जे काम केले, ते मी विसरणार नाही.

लस सलाईनमधून सुरू ठेवून आम्ही निघालो. वाटेत प्रगत गाडी भेटावी म्हणून नियंत्रण कक्षाला कळवले, पण ती दुसऱ्या कॉलवर होती. सावळघाटात त्याचा श्वास थांबला. आमच्याकडे चालकाला पायलट म्हणतात. त्या पायलटने वळणांवर गाडी अशी हाकली की मी रुग्णाच्या चेहऱ्यावर धरलेला मास्क एकदाही सरकला नाही. घशात साचणारी लाळ सक्शनने काढायची, हनुवटी वर धरायची आणि दर पाच-सहा सेकंदांनी अंबू बॅग, म्हणजे मास्कला जोडलेली श्वास देण्याची पिशवी, दाबायची, एवढेच काम होते. सोबत आलेला रुग्णाचा भाऊ म्हणाला, “डॉक्टर, आता सोडा त्याला. गेला तो.” बाहेरून पाहणाऱ्याला तसेच वाटणार, कारण बुबुळेसुद्धा स्थिर झालेली होती. मी रुग्णाच्या कानाशी म्हणालो, “बाळा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव.” अंगठा किंचित हलला. तो भावाने पाहिला, आणि तेथून पुढे पाय धरून तोच त्याच्याशी बोलत राहिला.

शहरातल्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारली आणि रुग्णाच्या उशाशी मोठ्याने विचारले, “मृतच आणलाय का?” मी बॅग सोडली नाही आणि अंगठ्याकडे बोट दाखवले. त्यांनी ताबडतोब श्वासनलिकेत नळी घातली, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण तो प्रश्न शुद्धीतल्या माणसाने ऐकला, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रुग्ण पुढे व्हेंटिलेटरवरून सुटला आणि घरी गेला, हे मला भावाच्या फोनमुळे कळले. सही घेऊन केस बंद झाल्यावर आमच्याकडे काहीच परत येत नाही, आणि त्यामुळे आम्ही शिकायचे तरी कशावरून? तो वाचला म्हणून माझे थांबणे बरोबर ठरते, असे मी मानत नाही. लसीसाठी ती मिनिटे घालवली नसती, तर श्वास घाटाऐवजी शहराच्या वेशीवर थांबला असता, हे खरे आहे. आणि लस तासभर उशिरा मिळाली असती तर तो व्हेंटिलेटरवर किती दिवस अधिक राहिला असता, हे मला कोणी सांगू शकलेले नाही.