कुंकवाचे पाच डाग

पितृपंधरवडा लागला की माझ्याकडे तलवारी यायला लागतात. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, तर त्याआधी ती उजळलेली हवीत. एरवी मी साताऱ्याच्या एमआयडीसीत टूल रूमला डाय पॉलिशिंग करतो, म्हणजे प्लास्टिकच्या डब्याबाटल्यांचे साचे हातानं घासून गुळगुळीत करतो. तलवारींचं काम घरी, मागच्या पडवीत, सुट्टीच्या दिवशी. त्यातल्या बऱ्याचशा लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायच्या बाजारू तलवारी असतात. ब्रासो लावून कपडा मारला की झालं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मागे एकदा मात्र पुण्यात आयटीत असलेला एक तरुण गाडी घेऊन आला. सोबत त्याची आजी. तलवार एकटी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा आजींचा हट्ट. पडवीतल्या खुर्चीत बसून त्यांनीच धोतराच्या फडक्यातली तलवार सोडली.

“काका, आरसा झाला पाहिजे,” नातू म्हणाला. “आणि धार पण लावा. नवमीला कोहळा कापायचाय.”

“कोहळ्याला कोयता आहे की घरात,” मी म्हटलं. जुन्या पात्याला मी नवी धार लावत नाही. धार काढायची म्हणजे कडेचं पोलाद खायचं, आणि एकदा खाल्लेलं परत येत नाही.

पातं तीसेक इंची, वळणदार. लोखंडी मुठीवर सोन्याच्या कोफ्तगिरीचे, म्हणजे लोखंडात ठोकून बसवलेल्या सोन्याच्या नक्षीचे, तुरळक कण उरलेले. अंगभर तांबूस-काळा गंज, टोकाकडचा हातभर भाग तेवढा लख्ख. मी त्या भागावर बोट ठेवलं तर आजीच बोलल्या, “मागल्या साली हा एकाकडं घेऊन गेला हुता. त्यानं मशीन लावलं. ठिणग्या उडाय लागल्या तशी मी हातातनं काढून घेतली.”

आजींनी वाचवली, हे खरंच. ग्राइंडरखाली पात्याची पातळ कड क्षणात तापते. तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं, म्हणजे तिथलं पाणी उतरलं, कठीणपणा गेला. ट्यूबलाइटची रेघ पात्यावर पाडून पाहिली. मुठीकडून ती सरळ येत होती आणि लख्ख भागात शिरताच वाकडीतिकडी होत होती. चाक जिथे जास्त वेळ थांबलं तिथे खड्डा. चकाकीला भुलणाऱ्या माणसाला हे दिसत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी ट्यूबलाइटची रेघ दाखवतो.

मुठीजवळ मात्र वेगळीच गोष्ट होती. एका रांगेत गंजाचे पाच खोल डाग, दोन्ही बाजूंना, जवळजवळ समोरासमोर. गंज असा रांगेत बसत नाही. मी आजींना विचारलं, “पूजेला कुंकू कुठं लावता?” त्यांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. पाची बोटं बरोबर त्या डागांवर टेकली. सासूबाईही तिथेच लावायच्या, म्हणाल्या. ओलं कुंकू, वर नारळाचं पाणी, आणि तशीच तलवार मखमलीच्या म्यानात वर्षभर बंद. आपल्याकडचा पावसाळा, म्यानात धरून राहिलेली ओल. लढाईत या पात्याला काय लागलं ते मला कळलं नाही. पूजेत काय लागलं ते स्पष्ट दिसत होतं.

आता आरसा करायचा तर हे डाग जाईपर्यंत सगळं पातं उतरवावं लागणार. मी नातवाला म्हटलं, आधी एक खिडकी उघडतो, मग ठरवू.

खिडकी म्हणजे रुपयाएवढा तुकडा घासून बघायचा. पातं फळीवर आवळलं, धारेला जाड कापडी पट्टी गुंडाळली. मशीन ऑइलचे थेंब सोडून गंज मऊ होऊ दिला आणि पितळेच्या पट्टीनं खरवडला. पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. मग लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर: चारशे, सहाशे, आठशे, असं चढत पंधराशेपर्यंत. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा मारायचा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. या कामात घाई करणारा माणूस शेवटी सापडतोच, कारण चारशेची एखादी रेघ पंधराशेनंतरच डोळ्यांवर येते.

हे काम मला एका म्हाताऱ्या शिकलगार, म्हणजे हत्यारं उजळणाऱ्या, चाचांनी शिकवलं. ते कागद वापरत नसत. कुरुंदाची पूड तेलात कालवून लाकडानं घासायची, मग पोलादी घोटणी फिरवायची. शेवटी हिराकसाचं, म्हणजे लोखंडाच्या एका क्षाराचं, पाणी. मी हिराकसाऐवजी फेरिक क्लोराईड वापरतो, सर्किट बोर्डासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं ते, भरपूर पातळ करून. तुकड्यावरचं तेल ॲसिटोननं पुसलं आणि कापसाच्या बोळ्यानं ते पाणी फिरवलं.

आधी नुसतं करडं झालं. नातवानं तोंड वाकडं केलं. मग त्या करड्यातून बारीक पांढुरक्या रेषा वर आल्या, वळत, तुटत, पुन्हा जुळत, पाण्यावर तेलाची साय हलावी तशा. जौहर! पोलादातल्या या नक्षीला तेच म्हणतात. मी बोळा खाली ठेवला. आजी खुर्चीतून उठून आल्या होत्या.

हे मुशीतलं पोलाद, वूट्झ. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला बंद करून वितळवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, साध्या लोखंडी पात्यापेक्षा कितीतरी जास्त. तो जादा कार्बन लोखंडाशी जुळून कार्बाईडच्या कठीण कणांच्या ओळी धरतो. आम्लानं भोवतालचं पोलाद काळवंडतं, कार्बाईड पांढरं राहतं. गोवळकोंड्याच्या मुलखात, कोनसमुद्रमसारख्या गावांत, ते बनायचं आणि इराणी व्यापारी तिथे येऊन विकत न्यायचे. १८२० च्या सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं, तोही लोहाराचाच पोरगा, त्याचं रहस्य शोधायला भट्ट्या पेटवल्या होत्या.

मी नातवाला एवढंच सांगितलं, “आरसा केला तर हे झाकलं जाईल. आणि बफचं, म्हणजे पॉलिशचं कापडी, चाक लावलं तर मुठीवरचं सोनं अर्ध्या मिनिटात जाईल.”

“पण काळपट दिसेल ना. फोटोत...”

“फोटु कशाला काढायचा?” आजी म्हणाल्या. “देवीचं हत्यार हाय. काळं तर काळं.”

विषय तिथेच संपला. तलवार माझ्याकडे राहिली आणि आजी नाइलाजानं गाडीत बसल्या. पुढे रोज ड्युटीवरून आलो की पडवीत. टोकाकडच्या भागाचं मला कुतूहल होतं. नक्षी पात्याच्या पोटातून गेलेली असते, वरवर कोरलेली नसते, त्यामुळे तिथेही ती उठली. फक्त खड्ड्यांमुळे हिंदकळल्यासारखी दिसते. ते खड्डे मी तसेच ठेवले आणि कुंकवाचे पाच डागही. आतला सैल गंज सुईनं काढला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारलं, गरम पाण्यानं धुऊन लगेच सुकवलं आणि तेल दिलं.

घेऊन जायला आले तेव्हा आजींना म्हटलं, यापुढे कुंकू मुठीवरच्या कापडाला लावा, पात्याला नको. पूजा झाली की कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा. म्यानात ठेवू नका, सुती कापडात ठेवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एक बोट तरी लावंनच मी. दुसऱ्या दिवशी पुशीन.”

“सकाळी नको, त्याच रात्री पुसा,” मी म्हटलं. त्यावर तडजोड झाली.

पैसे देताना नातवानं हळूच विचारलं, चुलत्यांकडे एक दांडपट्टा आहे, त्याला कुणीतरी क्रोम मारून ठेवलंय, ते निघेल का? निघतं. पण त्यासाठी प्लेटिंगवाल्याकडे जावं लागतं, आणि खाली काय उरलं असेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हटलं, दिवाळीनंतर घेऊन या. आजींनाही आणा.