तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जाशेजारी बसण्याच्या कामाविषयी

"तुम्ही हे युजर रिसर्चचे काम कसे सुरू केले, आणि आम्हाला ते कसे सुरू करता येईल?" हा प्रश्न बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची मुले-मुली मला इतक्यांदा विचारतात, की त्याचे एक तोंडपाठ उत्तर तयार झाले आहे: कन्नड वाचायला शिका, एखाद्या सेवा केंद्रात दिवसभर बसा, जे पाहाल ते त्याच रात्री लिहून काढा. उत्तर खोटे नाही. परंतु विचारणाऱ्याला कोर्सचे नाव आणि पगाराचा आकडा हवा असतो, त्यामुळे ते ऐकून त्याचा चेहरा उतरतो. घरच्यांचा प्रश्न वरून वेगळा दिसला तरी आतून तोच आहे. सॉफ्टवेअर तू लिहीत नाहीस, सही तुझी चालत नाही, मग सरकारी कामात तू करतेस तरी काय? दोघांनाही एकदा सविस्तर उत्तर द्यावे आणि पुन्हा विचारले जाऊ नये, अशा थोड्याशा वैतागाने हे लिहीत आहे.

कामाची व्याख्या लवकर उरकते. एखादी सेवा ऑनलाइन आली की ती बनवणाऱ्यांना पडदा दिसतो; त्या पडद्यापर्यंत माणूस कसा पोहोचतो, तिथे काय करतो आणि तिथून कुठे परत फिरतो, हे जाऊन पाहणे व ते बनवणाऱ्यांना पुराव्यासह सांगणे हे माझे काम. ब्रिटनमध्ये 2011 साली सरकारी डिजिटल सेवांसाठी स्वतंत्र विभाग निघाला, आणि 'वापरणाऱ्याची गरज आधी समजून घ्या' हा त्यांच्या सेवा-मानकातला पहिला मुद्दा झाला. या पेशाचे आजचे स्वरूप बरेचसे तिथून आलेले आहे. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. मात्र तत्त्वे असली म्हणून जागा निघते असे नाही. तलाठ्याची जागा निघते तशी युजर रिसर्चरची जाहिरात निघण्याची वाट पाहत बसू नका. हे काम बहुधा कंत्राटदार कंपनीमार्फत, एकेका प्रकल्पापुरते मिळते, आणि प्रकल्प संपला की ओळखपत्र परत द्यावे लागते.

मला ते कसे मिळाले, तेही स्पष्टच सांगते. बेंगळूरच्या एका चमूला सीमाभागात मुलाखती घ्यायच्या होत्या, आणि कन्नड वाचणारी, मराठी बोलणारी, शिवाय पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला जायला तयार असणारी व्यक्ती त्यांना हवी होती. माझी निवड गुणवत्तेवर झाली असे मी पुष्कळ दिवस मानत होते. आता मानत नाही, आणि त्याचे वाईटही वाटत नाही.

जे शिकवून पाठवले होते त्यातले निम्मे पहिल्या काही दिवसांतच निरुपयोगी ठरले. अर्ज भरताना मनात येईल ते मोठ्याने बोला, असे सहभागी व्यक्तीला सांगायचे असते. पण साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसासमोर स्वतःशी मोठ्याने बोलणारे कोण आहे? "काही अडचण आली का?" असे विचारले की "काय न्हाई, बरं हाय" हेच उत्तर येते, कारण सरकारकडून आलेल्या पाहुण्याला नाव ठेवणे हे आपल्याकडे शिष्टाचाराला सोडून आहे. त्यावर तोडगा मला तिथेच सापडला. आई आणि मुलगी, किंवा सासू आणि सून, यांना एकत्र बसवायचे आणि एकीला दुसरीला समजावून सांगायला लावायचे. मग जे बोलणे निघते ते मुलाखतीत कधी निघत नाही. आवडेल का, सोपे वाटेल का, हे विचारायचे नाही. मागच्या वेळी दाखला काढलात तेव्हा घरातून कधी निघालात, सोबत कोण होते, कागद कोणाकडे दिले, हेच विचारायचे.

सर्वांत मोठी उलथापालथ वेगळीच होती. ज्याच्यासाठी पडदा आखला जातो तो 'वापरकर्ता' इथे पडद्यासमोर बसतच नाही. गावातल्या केंद्रावरचा ऑपरेटर बसतो, आणि अर्जदार टेबलाच्या अलीकडे, पिशवीतून एकेक कागद पुढे करत उभा असतो. कर्नाटक सरकारची गावपातळीवरची ग्राम वन सेवा केंद्रे 2022 मध्ये राज्यभर पसरली तेव्हापासून, किंवा 2023 मध्ये कुटुंबप्रमुख बाईला मदत देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिना 2000 रुपयांसाठी बायकांच्या रांगा लागल्या तेव्हा, ज्यांनी ही केंद्रे पाहिली त्यांना हे सांगायची गरज नाही. निपाणीच्या विडी कामगार बाईचा अंगठा पानातंबाखूने झिजलेला असतो आणि यंत्र तो घेत नाही. खानापूरच्या जंगलाकडच्या गावाला रेंज नसते. ओटीपी ज्या फोनवर जातो तो फोन गोव्यात कामाला असलेल्या मुलाच्या खिशात असतो. यांपैकी एकही गोष्ट पडद्यावर दिसत नाही.

आता त्या दिवसाविषयी. ही सुरुवातीच्याच महिन्यांतली गोष्ट आहे, आणि सुरुवात कशी केली या प्रश्नाचे माझ्या दृष्टीने खरे उत्तर तेच आहे. सेवा कोणती आणि केंद्र कुठले ते सांगणार नाही. खानापूर तालुका एवढे पुरे. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला संमतीपत्र मराठीतून वाचून दाखवत होते. साठीच्या आसपासची एक मावशी आली. माहेर चंदगड तालुक्यातले, शाळा मराठी चौथीपर्यंत, नवरा वारलेला, आणि त्याच्या मागे मिळू शकणाऱ्या मदतीचा अर्ज करायचा होता. बसचे तिकीट बायकांना 2023 पासून लागत नाही, पण दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, हे तिने मी न विचारता सांगितले.

ऑपरेटर चांगला होता, हेही नोंदवले पाहिजे. मराठीत बोलत होता, तिला काकी म्हणत होता, आणि तिच्या कागदांच्या झेरॉक्स त्याने पैसे न घेता काढल्या. ओटीपी मुलाच्या फोनवर गेला; मुलगा कामावर होता, त्याने फोन उचलला नाही, आणि ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला, पुन्हा संपला. जेवणाच्या सुट्टीत मुलाचा फोन आला आणि त्याने एकेक आकडा वाचून दाखवला, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना हायसे वाटले. मग बाकीची माहिती भरून झाली, कागद स्कॅन झाले, आणि अगदी शेवटच्या पानावर लाल अक्षरांत ओळ आली की नावे जुळत नाहीत. आधारवर तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द होते. रेशन कार्डावर आडनाव नव्हते. आणि मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याचे, त्याला सगळे गाव ज्या नावाने हाक मारीत असे, ते नाव होते. मराठी माणसाची तीन शब्दांची नावे आणि आडनावाशिवाय चालणाऱ्या नोंदी यांची ही गाठ आपल्या भागात घरोघरी पडते.

ऑपरेटरने सांगितले की बॉण्ड पेपरवर अॅफिडेव्हिट करून आणावे लागेल, त्यासाठी तालुक्याला जावे लागेल. मावशीने ते ऐकून घेतले आणि ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुम्ही बेंगळूरच्या न्हवं? तुम्ही सांगा की तेला. तुमचं ऐकंल."

मी तिला सांगितले की मी अधिकारी नाही, मी फक्त पाहायला आले आहे. हे मी सकाळी संमतीपत्र वाचतानाही सांगितले होते, आणि तिने मान हलवली होती. ती म्हणाली, "मग इतका वेळ काय लिवत हुता?"

मी उत्तर दिले नाही. नियम असा आहे की निरीक्षकाने मध्ये पडायचे नाही, कारण तो मध्ये पडला की त्याने पाहिलेले खरे राहत नाही. शिवाय एकीला मदत केली तर दुसऱ्या दिवशी केंद्रावर येणारा प्रत्येक जण त्याच आशेने बोलेल, आणि आपल्याला बरे वाटेल तेच सांगेल. हा नियम मूर्खपणाचा नाही. मी तो तेव्हा पाळला आणि आजही पाळते. मावशी दुपारच्या बसने गेली. त्या रात्रीच्या टिपणात मी लिहिले आहे: 'अर्ज अपूर्ण. कारण: नाव विसंगती, अखेरच्या टप्प्यावर. निरीक्षकाने हस्तक्षेप केला नाही.' शेवटच्या वाक्याखाली रेघ आहे. ती रेघ मारणारी मुलगी स्वतःवर खूश होती, हे मला तिच्या अक्षरावरूनही कळते, आणि तिच्याशी माझे भांडण अजून चालू आहे. मी तिला म्हणते, निरीक्षणाचा वेळ संपल्यावर तू तिच्यासोबत बसथांब्यापर्यंत तरी जाऊ शकली असतीस, कुठल्या कचेरीत कोणाला भेटायचे ते मराठीत लिहून देऊ शकली असतीस. ती मला म्हणते, आणि पुढच्या बाईला? त्याच्या पुढच्या बाईला? तू समाजसेविका म्हणून आली होतीस की पुरावा गोळा करायला? यावर माझ्याकडे जे उत्तर असते ते दर वेळी वेगळे असते, म्हणजे उत्तर नसतेच.

पुराव्याचे काय झाले, तेही विचारले जाते. बेंगळूरच्या बैठकीत मी ही अडचण मांडली. तिथे पहिला प्रश्न आला की असे किती टक्के लोकांचे होते. टक्केवारी सांगणे हे माझ्या प्रकारच्या अभ्यासाचे काम नव्हे. कशामुळे अडते ते मी सांगू शकते, किती जणांचे अडते ते अर्जांच्या नोंदींतून त्यांनाच मोजता येईल, असे मी म्हणाले. दुसरे म्हणणे असे आले की नावांची पडताळणी काढली तर दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलणारे निघतील. हे म्हणणे मला तेव्हा संतापजनक वाटले होते, आज ते वाजवी वाटते, आणि तरीही त्याचा भार मावशीनेच का उचलावा हे कळत नाही. अखेरीस एक बदल झाला: नावांची पडताळणी शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आली. म्हणजे परत जायचे असेल तर माणसाला निदान सकाळीच कळते, मजुरीचा अर्धा दिवस वाचतो. घरच्यांना मी हे सांगितले तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "एवढ्यासाठी तुला वर्षभर पगार दिला?" होय, एवढ्यासाठी. त्याची चेष्टा मला झोंबली हे खरे. पण किती जण सकाळीच परत फिरत असतील याचा हिशेब त्यानेही केलेला नाही.

याच ठिकाणी आपली माणसे मला अडवतात. सीमाभागात राहून तू भाषेचे बोलत नाहीस, नाव जुळत नाही आणि ओटीपी येत नाही हेच सांगत बसतेस, मराठीत अर्ज मागायला तुझी जीभ का उचलत नाही, असे म्हणतात. एका नातेवाइकाने तर मला घरभेदी म्हटले आहे. सीमाप्रश्न तुम्हाला समजावण्याची गरज नाही. 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि कंत्राटावरची युजर रिसर्चर तो सोडवणार नाही. मी पाहिले ते असे, की पडदा कन्नडमध्ये असल्यामुळे त्या टेबलापाशी थेट अडलेले मला फार थोडे दिसले, कारण वाचणारा ऑपरेटर होता. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, म्हणून मी ते टाळणार नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही तितकीच माझ्या वहीत आहे. ऑपरेटरने हातात दिलेली पोचपावती मावशीला वाचता येत नव्हती. चौथी शिकलेली बाई देवनागरी सावकाश का होईना वाचते. तिच्याच अर्जावर काय शेरा पडला आहे, हे तिला दुसऱ्याकडून ऐकावे लागले. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असा संकेत देशात जुना आहे, म्हणून पावतीची मागची बाजू मराठीत छापावी असे मी अहवालात सुचवले होते. तो परिच्छेद 'धोरणाचा विषय' म्हणून अंतिम प्रतीतून गेला. मी त्यावर भांडले नाही. भांडले असते तर पडताळणी पहिल्या पानावर आणण्याचा मुद्दाही बुडाला असता असे तेव्हा वाटले. तो अंदाज बरोबर होता का, हे तपासण्याचा मार्ग नाही.

मावशीला पैसे मिळाले का, हे तुम्ही विचारणारच. मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची सोयही मी ठेवलेली नाही. संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे अभ्यास संपल्यावर सर्वांची नावे आणि फोन नंबर पुसून टाकले जातात. व्यक्तिगत माहिती ज्या कामासाठी घेतली त्यापलीकडे ठेवू नये हे तत्त्व 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही मान्य केले आहे. नंबर मी स्वतः पुसले.

नवीन येणाऱ्यांना मी आता जो संमतीपत्राचा मसुदा देते, त्यात एक जादा ओळ घालून पाहिली आहे: 'तुमचे काम झाले की नाही हे विचारण्यासाठी आम्ही काही महिन्यांनी फोन करू का?' माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की ही ओळ वाचून दाखवली की समोरचा माणूस हो म्हणतो तो फोनसाठी नव्हे, काम होईल या आशेने, आणि मग ती संमती खरी राहत नाही. त्याचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. माझे त्याला पटलेले नाही. गेल्या वेळी ती ओळ आम्ही चिकोडीकडे वापरली आणि अथणीकडे वापरली नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचे ते ठरलेले नाही. तुम्ही या कामात आलात तर या वादातही तुम्हाला एक बाजू घ्यावी लागेल. कोर्सचे नाव विचारण्याआधी त्याचा विचार करून या.