अर्धा बिडाचा, अर्धा प्लास्टिकचा

गिरगावातली 1940च्या आधीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत, तळमजला अधिक चार. तक्रार नेहमीचीच: तळमजल्यावरच्या खोलीत मागच्या भिंतीला ओल आणि वास. ऐन पावसाळ्यात असल्या तक्रारीला ‘गळतंय कुठेतरी’ म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. भाडेकरूंचे सेक्रेटरी काकासुद्धा फोनवर एवढंच म्हणाले, “जॉइंटला जरा सिमेंट मारून द्या.”

मागची हाऊसगल्ली इतकी अरुंद, की खांदा तिरका करूनच आत शिरावं लागतं. आत गेल्यावर आधी नजरेत भरला तो संडासाच्या डाऊनटेकचा, म्हणजे सगळ्या मजल्यांचा मैला खाली आणणाऱ्या उभ्या पाइपाचा, खालचा भाग. वर गच्चीपर्यंत जुना चार इंची बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप आणि खालचे दहा-बारा फूट करडं पीव्हीसी. खालचा तुकडा फुटला म्हणून आधीच्या कुणीतरी तेवढाच बदलला होता. ते पीव्हीसी पोटात वाकलं होतं, सॉकेटला, म्हणजे दुसरा पाइप ज्यात बसतो त्या रुंद तोंडाला, उभी चीर गेली होती आणि मैला तिथून झिरपून थेट भिंतीत जात होता. मिस्त्रीने वर पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, अख्खी लाइन खाली आलीय.” खरंच, वरच्या पाइपाच्या रंगाचा जुना डाग भिंतीवर होता आणि पाइप त्याच्या बोटभर खाली सरकला होता.

बिडाचा सहा फुटी पाइप वीस किलोच्या पुढे भरतो. चार मजल्यांचे पाइप, टी आणि बेंड धरले तर दोनशे किलोंच्या आसपास ओझं. ते प्रत्येक पाइपाने आपापलं भिंतीवर टाकायचं असतं. या जुन्या पाइपांच्या सॉकेटला दोन्ही बाजूंनी कान असतात आणि कानांतून खिळे भिंतीतल्या लाकडी गुट्ट्यांत ठोकलेले असतात. इथे गुट्टे कुजून भुसा झाले होते, खिळ्यांची नुसती डोकी उरली होती. तरी इतकी वर्षं काही झालं नाही, कारण सगळा भार खालच्या बेंडवर उभा होता आणि बीड दाबाला दणकट असतं. खालचा भाग बदलला त्या दिवसापासून तोच भार प्लास्टिकवर आला.

हातोडीने हळूच वाजवत वर गेलो. चांगलं बीड खणखणतं. दुसऱ्या मजल्यावर आवाज बद्द आला. समोरून पाइपाला रंग झकास. भिंतीकडच्या बाजूला पेचकस लावला तर तो सरळ आत गेला आणि टोकाला शिसपेन्सिलीसारखा काळा, मऊ चुरा आला. बिडातलं लोखंड गंजून निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा तसाच राहतो. आकार तोच, जाडी तीच, ताकद शून्य. रंगाऱ्याचा ब्रश मागे पोचत नाही, म्हणून ही बाजू नेहमी आधी जाते.

मग सगळे संडास बंद करायला लावले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारातच उभ्या राहिल्या: “अरे, मग आम्ही जायचं कुठे?” शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी त्यांचे संडास उघडे करून दिले, नाहीतर तो दिवस निभावला नसता.

खालून हात लावायचाच नाही, हे मिस्त्रीला सांगायची गरज नव्हती. परांची आधीच्या रंगकामाची उभी होती, हे नशीब. प्रत्येक सॉकेटच्या खाली नवा क्लॅम्प बसवला, विटांत चांगला खोल, आणि गच्चीवरून चेनकप्पीने लाइन तोलून धरली. त्यानंतरच वरून एकेक पाइप कापून दोराने उतरवला. दुसऱ्या मजल्यावरचा तो पाइप उतरताना हातातच दोन तुकडे झाला.

नवीन काय घालायचं यावर संध्याकाळी जिन्यातच सभा भरली. पीव्हीसी स्वस्त, हे मला मान्य. अख्खी लाइन पीव्हीसीची केली आणि क्लॅम्प नीट मारले तर ती चालते. पण खिडकीतून करवंट्यांपासून कुंडीपर्यंत काहीही पडणाऱ्या, घुशींनी भरलेल्या या गल्लीत मी बीडच घातलं असतं, आणि तसं सांगितलं. काकांनी भावाची घासाघीस केली, पण शेवटी बीडच ठरलं. स्पन पाइप, म्हणजे फिरत्या साच्यात ओतलेला, घेतला. त्याची जाडी सगळीकडे सारखी येते. वाळूच्या साच्यात ओतलेल्या जुन्या पाइपात एक बाजू पातळ निघायची.

जोडाचं काम पावसाने अडवलं. सुतळी ठासून वर वितळलेलं शिसं ओतायचं, तर सॉकेट ओलं असून चालत नाही. शिसं 327 अंशांना वितळतं, पाण्याचा थेंब लागला की वाफ होऊन ते तोंडावर उडतं. मिस्त्री प्रत्येक सॉकेट ब्लो-लॅम्पने कोरडं करायचा, ताडपत्री धरायला पोरगा उभा करायचा आणि पळी एका दमात रिती करायचा. थांबत थांबत ओतलं की थर धरत नाहीत. थंड होताना शिसं आकसतं, म्हणून नंतर छिन्नीने चारी बाजूंनी ठासून घ्यायचं. हे हल्ली बरेच जण गाळतात आणि वर्षभरात जोड पाझरतो.

जुन्या जोडांतून बरंच शिसं निघालं होतं. इतके दिवस पत्रांना उत्तर न देणारा घरमालकाचा माणूस भंगाराच्या वासाने तासाभरात हजर झाला. “पाइप मालकाचा, तर शिसंही मालकाचं.” आजी वरून म्हणाल्या, “आणि वास कुणाचा होता रे?” शेवटी शिसं नव्या जोडांतच वापरलं आणि बिडाच्या भंगाराचे पैसे बिलातून वजा झाले.

निघताना शेजारचा मोरीचा पाइपही वाजवून पाहिला. तिसऱ्या मजल्यावर तो बद्द बोलतो. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “आधी हे बिल भागू द्या.”