दुधाचा पेला आणि दुसरी सही

आमच्या लग्नाच्या पंगतीत माझी एक मावससासू शेजारणीच्या कानात म्हणाली होती, "कुळागर बघून केलंय हो." कानात म्हणजे तिच्या मते. सोलकढीचा पेला घेऊन मी तिच्या पाठीमागेच उभा होतो.

कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, खरंच देखणं आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या सावई-वेऱ्याला सासऱ्यांचं घर, घरामागून उतरत गेलेल्या पोफळी, त्यांच्यावर चढलेल्या मिरवेली, मधूनमधून केळी आणि अननस, आणि तळातून खळखळणारा पाट. पण बाहेरच्यांना दिसतो तो एवढाच भाग. नारळ उतरवणारा पाडेली मिळत नाही म्हणून झाडावरच वाळणारे नारळ आणि सुपारीला लागणारा कोळेरोग त्यांना दिसत नाही. ते असो. पंगतीतल्या त्या दिवसापासून पैशासाठी लग्न करणाऱ्या पडद्यावरच्या खलनायकांविषयी मला आपुलकी वाटते, एवढंच सांगायचं होतं.

परवा आषाढातल्या एका रविवारी दिवसभर पाऊस कोसळत होता. बायको खोकून खोकून आत झोपली होती. मी अल्फ्रेड हिचकॉकचा १९४१ सालचा 'सस्पिशन' लावून बसलो. सासूबाई पावसाळ्यात आमच्याकडे पणजीला असतात. फणसाच्या आठळ्या सोलायला घेऊन त्याही समोर बसल्या. इंग्रजी त्यांना नको असतं, तेव्हा गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाई मराठी वाचतात, पण चिडतात कोकणीत.

जॉनी नावाचा एक देखणा, निष्कांचन माणूस तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढून पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरतो. टीसीला वरचे पैसे द्यायचे, तर खिशात पुरेशी चिल्लर नाही. मग समोर बसलेल्या अनोळखी मुलीच्या पर्समधून तो टपालाचं तिकीट घेतो आणि तेच टीसीच्या हातावर ठेवतो. ती मुलगी म्हणजे लिना, एका जनरलची लेक. जॉनीचं काम कॅरी ग्रँटचं आणि लिनाचं जोन फाँटेनचं. हिचकॉकच्या चित्रपटातल्या अभिनयासाठी ऑस्कर मिळालेली ती एकटीच. पुढे दोघांचं लग्न होतं. जनरलसाहेब लग्नाची भेट म्हणून पिढीजात दोन खुर्च्या पाठवतात, आणि जुगाराची सवय असलेला जॉनी त्या परस्पर विकून मोकळा होतो. लिनाला त्या बाजारात दुकानाच्या काचेआड दिसतात. मग जनरल वारतात. मृत्युपत्र वाचलं जातं, जॉनी कान टवकारून ऐकतो, आणि सासऱ्याच्या घबाडातून पदरात काय पडतं? लिनाला बापाकडून मिळणारा वार्षिक तनखा तेवढा चालू राहतो, आणि वर जनरलसाहेबांचं मोठं तैलचित्र.

सासूबाईंचा हात थांबला. "धुवेचो वांटो खंय गेलो?" म्हणजे लेकीचा वाटा कुठे गेला?

या प्रश्नावर आमचा चित्रपट बराच वेळ थांबून राहिला, कारण प्रश्न बिनतोड होता. गोव्यात अजूनही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची घडी आहे. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, तरी गाभा तोच. बापाने कितीही डोक्यात राख घालून घेतली, तरी निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मृत्युपत्रात मनासारखं करायचं ते उरलेल्या निम्म्यात. म्हणजे जनरलसाहेब फोंड्याचे असते तर नुसत्या तैलचित्रावर बोळवण झालीच नसती.

दुसरी गंमत त्याहून मोठी. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर आमच्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, निम्मी त्याची, निम्मी तिची. लग्नाआधी कमावलेली, नंतर मिळणारी, सगळी. नोंदणी कचेरीत पहिली सही करायची, कुणाची हरकत आहे का त्याची काही दिवस वाट बघायची, आणि मग दुसरी सही. त्या दुसऱ्या सहीची शाई वाळताना जॉनी निम्म्याचा धनी झाला असता. मग पुढे लिनाला संशय येतो तसं पैशासाठी तिला विष कशाला घालायचं? शिवाय घर किंवा बाग विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात, त्यामुळे परस्पर विकून मोकळं होणंही बंद. खुर्च्या तेवढ्या गेल्या असत्या. खुर्च्यांना कोण सही मागतो?

अर्थात हिशेब उलटाही चालतो. जॉनीच्या निम्म्या मालमत्तेवर लिनाचा हक्क, म्हणजे निम्मं टपालाचं तिकीट. आणि तेही मूळचं तिचंच!

मी खुशीत होतो. रहस्यपटाची हवाच काढून घेतली होती की! पण मग तो जिना आला.

रात्र, काळोख्या दिवाणखान्यात जाळ्यासारख्या पसरलेल्या सावल्या, आणि जॉनी हातात तबक घेऊन सावकाश जिना चढतोय. तबकात दुधाचा पेला. सगळं अंधारात बुडालेलं असताना तेवढा पेला पांढराफेक चमकतो. हिचकॉकने दुधात चक्क दिवा ठेवला होता, म्हणजे आपली नजर जॉनीच्या चेहऱ्याकडे न जाता पेल्यावरच राहावी. इथे ना खुर्च्या आठवतात, ना मृत्युपत्र. लिना पलंगावर पडून त्या पेल्याकडे बघत राहते, एवढंच. ज्या कादंबरीवरून चित्रपट घेतला तिच्यात ती जाणूनबुजून ते दूध पिते. चित्रपटात पीत नाही, सकाळी पेला तसाच भरलेला असतो. शेवट मी सांगणार नाही. तो गोड करून टाकलाय, आणि मला तो मुळीच पटलेला नाही.

सासूबाईंनी मात्र निकाल जिन्यातच लावला होता. "घो दूद हाडून दिता? थंयच कळूंक जाय आशिल्लें." नवरा दूध आणून देतो? तिथेच कळायला हवं होतं.

तेवढ्यात आतून खोकल्याची मोठी उबळ आली. मी उठलो, दूध तापवलं, हळद घातली, मिरपूड घातली. मिरी सावई-वेऱ्याचीच. पेला घेऊन खोलीकडे निघालो तेव्हा सासूबाईंनी आठळ्यांचं ताट बाजूला सरकवून माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या फ्लॅटमध्ये जिना नाही याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

बायको डोळे न उघडता म्हणाली, "ठेव तिथे."

सकाळी पेला तिथेच होता, काठोकाठ, वर पिवळसर सायीचा जाड थर. स्वयंपाकघरात सासूबाई चहाला आलं ठेचत होत्या. मी त्यांच्यासमोरच ते दूध पुन्हा गरम केलं आणि उभ्याउभ्या घटाघटा पिऊन टाकलं.

हळद जरा जास्तच पडली होती.