बाकावरची मोटार

भूगोलाच्या बाईंची एक अट होती. नकाशा समोर आला की पहिली पाच मिनिटं पेन्सिल बाकावर आडवी ठेवायची. कुणी उचललीच तर बाई काही न बोलता ती काढून घेत आणि तास संपल्यावर परत देत. आठवीत माझी पेन्सिल तीनदा गेली.

१९८३ चा पावसाळा. मैदानात घोटाभर पाणी साचलं की पीटीचा तास बाईंकडे यायचा आणि आम्ही भूगोलाच्या खोलीत ‘बाकावरची मोटार’ खेळायचो. हे नाव बाईंनीच दिलेलं. एका बाकावर दोघं : एक चालक, एक वाटाड्या. चालकाने पेन्सिल चालवायची, वाटाड्याने चिठ्ठीवरच्या सूचना वाचायच्या. मुंबई-ठाण्याच्या सरकारी स्थलनिर्देशक शीट त्या काळी सहजासहजी मिळत नसत, किनाऱ्यालगतचा मुलूख म्हणून त्यांवर बंधनं होती. म्हणून बाईंनी ट्रेसिंग पेपरवर स्वतःच ठाणं काढलं होतं. मासुंदा, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, स्टेशन, चरई, नौपाडा आणि वर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. त्याच्या अमोनिया प्रिंट काढून आणत. त्या ओलसर, नाकात झोंबणाऱ्या वासाने मला अजूनही आधी भूगोल आठवतो.

एकदा चिठ्ठी आली : मासुंद्यापासून निघा, हरिनिवासला पोहोचा, सगळ्यात जवळच्या रस्त्याने. मी नौपाड्यातली. असल्या प्रश्नाला पाच मिनिटं कशाला हवीत? राम मारुती रोडने सरळ रेघ ओढली आणि हात वर केला. बाईंनी आमचा कागद बघितला, मग शेजारचा, मग त्याच्या मागचा. जवळजवळ सगळ्या वर्गाची रेघ तीच होती आणि सगळ्यांची चुकली होती. राम मारुती रोडच्या तोंडाशी दोन बारीक आडव्या रेघा होत्या. खाली सूचीत त्यांचा अर्थ स्वच्छ लिहिलेला : रस्ता बंद. बाई म्हणाल्या, “तुम्ही ठाणं वाचलंत. नकाशा कुणी वाचला?”

हा खेळ बाईंना कुठून कळला, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही. जगात तो खरोखर खेळला जातो, हेच मला पंधरा वर्षांनी समजलं.

१९९८ च्या हिवाळ्यात कंपनीच्या कामासाठी मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीजवळ होते. तिथल्या मोटार क्लबांमध्ये टेबल-टॉप रॅली नावाचा प्रकार चालतो. गाडी घरी, रॅली टेबलावर. ऑफिसातली एक सहकारी मला जोडीदार म्हणून घेऊन गेली. प्रत्येक जोडीपुढे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेची, लँडरेंजर मालिकेतली शीट होती, आमची १४० नंबरची : लेस्टर, कॉव्हेंट्री, रग्बी. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. सबंध ब्रिटन अशा २०४ शीटमध्ये बसवलेलं आहे. (आपली सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ ची आणि ऑर्डनन्स सर्व्हे १७९१ चा, हे मी तिथे अभिमानाने सांगितलं.) हातात मऊ शिशाची पेन्सिल, खोडरबर आणि रोमर, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचे दहा भाग मोजून ठिकाणाचा सहा अंकी संदर्भ अचूक टिपायला मदत करणारी पारदर्शक पट्टी. घड्याळ लावलं की एकेक कोडं समोर येतं. मार्ग नकाशावर ओढायचा आणि वाटेत काय काय लागलं ते लिहून द्यायचं.

कोडी किती तऱ्हेची! कधी नुसते आकडे असतात. त्या नकाशावरच्या ठिकठिकाणच्या उंची असतात आणि त्याच क्रमाने त्यांवरून जायचं असतं. कधी ओलांडायच्या उभ्या-आडव्या रेघांचे क्रमांक असतात, एक सुटला की पुढचं सगळं कोसळतं. कधी ट्यूलिप. प्रत्येक चौक म्हणजे एक छोटं चित्र, गोळ्यापासून आत यायचं, बाणाकडे बाहेर पडायचं. हे नाव हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून आलं आणि आपल्याकडच्या टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅलीच्या रोडबुकांतही, म्हणजे मार्गाच्या वह्यांतही, हीच चित्रं असतात. टेबलावर मात्र कोडं घालणारा ती चित्रं मुद्दाम फिरवून देतो, उत्तर दिशा वर असेलच असं नाही.

माझं सगळ्यात आवडतं कोडं म्हणजे हेरिंगबोन, आपल्या भाषेत माशाचा काटा. सबंध मार्ग, त्यातली सगळी वळणं ताणून सरळ केली आहेत असं समजा. ही मधली सरळ रेघ. वाटेत जे रस्ते आपण घेत नाही ते तिला फुटलेले काटे, डावीकडे सोडलेले डावीकडे, उजवीकडे सोडलेले उजवीकडे. तिठ्यावर उजवीकडे वळलात तर डावीकडे एक काटा. चौकात डावीकडे वळलात तर समोरचा आणि उजवा, दोन्ही रस्ते उजव्या हाताला सुटले, म्हणून उजवीकडे दोन काटे. चित्रात वळण कुठेच दिसत नाही. काय सोडलं एवढंच सांगितलेलं असतं, त्यावरून काय धरलं ते शोधायचं. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला त्या परक्या खोलीत बाईंना हाक मारावीशी वाटली.

त्या रात्री पांढरे रस्ते न मोजण्याच्या नियमात आम्ही एकदा अडखळलो. (पिवळे म्हणजे गावाकडचे लहान रस्ते. पांढरे बहुतेक शेतावर किंवा एखाद्या घराकडे जाणारे, ते सांगितल्याशिवाय धरायचे नाहीत.) पण माशाचा काटा आमचा पूर्ण बरोबर आला. शेजारच्या टेबलावरची, त्याच गावांतून रोज येणारी-जाणारी जोडी तिथेच फसली. घराजवळचा तिठा आला आणि त्यांनी काटे मोजायचं सोडून दिलं. मला त्या मुलखातलं एक झाडही माहीत नव्हतं, त्यामुळे कागद सोडून दुसरीकडे बघण्याची सोयच नव्हती.

आता मी नेरुळला राहते. महिन्यातून एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आमची बाकावरची मोटार धावते, दहा वर्षांच्या मुलांपासून निवृत्त काकांपर्यंत सगळे येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांना मिळणाऱ्या ओपन सिरीज शीट आल्या, त्यामुळे बाईंसारखं हाताने शहर काढावं लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटच्या जुन्या क्रमांकांचं मला अजून वेड आहे. ठाणं ४७ ए/१६ वर आणि मुंब्रा ४७ ई/४ वर, कारण ७३ अंश पूर्व रेखावृत्त कळवा आणि मुंब्र्याच्या मधून जातं. ठाण्याहून डोंबिवलीला जाणारी गाडी रोज एका शीटवरून दुसरीवर जाते! आमच्या नेरुळच्या दक्षिणेला खाडीकडे तर चार शीटचे कोपरे एकत्र येतात. तिथला मार्ग काढायचा तर चारही कागद चिकटवून बसावं लागतं.

गेल्या वर्षी मला ठाणे जिल्ह्याचा एक जुना नकाशा मिळाला. त्यावर कोडं घातलं : ऐरोलीहून मुलुंड. ऐरोलीतच राहणाऱ्या, आमच्याकडे आलेल्या एका मुलाने क्षणात खाडीवरून सरळ रेघ ओढली.

“पूल कुठाय?” मी विचारलं.

“काकू, आहे की! मी आईबरोबर रोज जातो.”

“कागदावर दाखव.”

तो भिंग घेऊन बराच वेळ शोधत राहिला. ऐरोलीचा पूल त्या नकाशानंतरचा. मग त्याने खोडरबर घेतलं आणि वर दिघा, कळवा, कळव्याचा पूल, ठाणं आणि तिथून खाली मुलुंड अशी रेघ ओढली. दर तिठ्यावर थांबून, मोजून. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला आठवीचा बाक दिसत होता.

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी बाईंना फोन केला. त्यांना माझं नाव लगेच आठवलं नाही, पेन्सिल मात्र आठवली. स्नेहसंमेलनाच्या दिवशी दुपारी भूगोलाच्या खोलीत बाकावरची मोटार खेळायचं ठरलं आहे आणि एक कोडं बाई स्वतः घालणार आहेत. माझ्याकडची अमोनिया प्रिंट पार फिकी पडली होती. भिंगाखाली धरून ती मी पुन्हा ट्रेस केली आणि तिच्या प्रती काढल्या. सरावासाठी हा एक काटा देऊन ठेवते. शाळेच्या फाटकातून निघा. डावीकडे एक, उजवीकडे दोन, उजवीकडे एक, डावीकडे एक, उजवीकडे दोन. नकाशा बाईंचाच वापरायचा. त्यावर राम मारुती रोड अजून बंद आहे.

– माजी विद्यार्थिनी, दहावी १९८६