बीबेराइटच्या डबीत सिलिका जेल टाकू नका

ठाणे-नवी मुंबईकडे खनिजं जमवणाऱ्यांना सवय असते ती झिओलाइट गटातल्या खनिजांची. त्यातलं स्टिलबाइट साबणाच्या पाण्यात घातलं, मऊ ब्रशने माती काढली, काही बिघडत नाही. बीबेराइट नळाखाली धरलं तर गुलाबी पाणी होऊन वाहून जाईल. हे कोबाल्टचं सल्फेट. वजनात साधारण 21 टक्के कोबाल्ट आणि 45 टक्के चक्क पाणी. काठिण्य 2, म्हणजे नखानेही ओरखडा उठतो.

पारसिकच्या डोंगरातल्या बेसॉल्टमध्ये ते शोधू नका. कोबाल्टची सल्फाइडं खाणीत हवा-पाण्याने कुजली की भिंतींवर त्याची गुलाबी खपली धरते. नाव पडलं जर्मनीतल्या हेसेमधल्या बीबर गावावरून. पाऊस लागला की संपलं, म्हणून दुर्मिळ.

आपल्याकडे लोक पावसाळ्याला घाबरून डबीत सिलिका जेलची पुडी टाकतात. इथेच घात होतो. कोरड्या हवेत बीबेराइटमधलं पाणी निघून जातं, स्फटिक आधी धुरकट होतो, मग त्याचं पीठ. बीबेराइटमध्ये प्रत्येक कोबाल्टमागे पाण्याचे सात रेणू असतात. त्यातला एक गेला की ते मूरहाउसाइट नावाचं वेगळं खनिज, तीन गेले की अ‍ॅप्लोवाइट. साधारण 41 अंशांवर तर हे आपोआपच होतं, त्यामुळे मे महिन्यात गॅलरीतलं बंद कपाट नको आणि एसीच्या झोतासमोरचा शोकेसही नको. नंतर दमट हवेत ठेवून पाणी परत शिरलं तरी मोडलेला स्फटिक जुळत नाही.

लहान, घट्ट झाकणाची काचेची बाटली घ्या. झाकण प्लास्टिकचं, कारण आम्लाच्या अंशाने पत्रा गंजतो. तळाशी छोट्या वाटीत पोटॅशियम क्लोराइड आणि थोडं पाणी कालवून ओला गाळ ठेवा. न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. 25 अंशांना आतली आर्द्रता 84 टक्क्यांच्या आसपास राहते. नमुना वर, वाटीला न टेकता.

विकत घेताना एरिथ्राइट या दुसऱ्या कोबाल्ट खनिजाशी गल्लत होते, तेही गुलाबीच. कणभर चुरा पाण्याच्या थेंबात टाका: बीबेराइट विरघळून थेंब गुलाबी होतो, एरिथ्राइट तसंच पडून राहतं. पण प्रयोगशाळेत वाढवलेलं कोबाल्ट सल्फेटही असंच विरघळतं, म्हणून दगडावरची खपली आणि खाणीचं नाव असलेली चिठ्ठी नसेल तर पैसे देऊ नका.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. पीठ झालेला नमुना फुंकरीने साफ करू नका, कोबाल्टची धूळ फुप्फुसात जायला नको. कोबाल्ट मिसळलेलं पाणी मोरीत ओतू नका.